जुन्या ध्वनिमुद्रिकांचें मोल : एक परीक्षण

अमरावतींतील एका जुन्या वाड्यांतील ध्वनिमुद्रिकांचा संग्रह वांटणीच्या वेळीं आमच्याकडे परीक्षणार्थ आला. लाखेची तबकडी तेवढी जुनी व म्हणून मोलाची, असा घरच्यांचा समज. गायकाचें नांव मोठें तर किंमतही मोठी, असा व्यापाऱ्याचा. दोन्ही मतें कसोटीस उतरत नाहींत.

व्हिनाइलची दीर्घ तबकडी अमेरिकेंत १९४८ सालीं निघाली हें खरें. परंतु आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६० नंतरही निघत होत्या. तेव्हां केवळ लाखेवरून कालनिर्णय होत नाहीं. मोठ्या नांवाचेंही तेंच. बालगंधर्वांचीं पदें घरोघर गेलीं व पुढें व्हिनाइलवरही आलीं. जें लोकप्रिय तें सहसा दुर्मिळ नसतें.

रचनाकाल निराळा व लेखनकाल निराळा, हें पोथ्यांच्या संग्राहकांस सांगणें नको. येथेंही मुद्रणाचा काल व हातांतील प्रत छापल्याचा काल भिन्न असूं शकतो. गौहरजान हिचें गाणें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास मुद्रित झालें. तबकड्या छापल्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें. गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव उच्चारी. ती जणूं ध्वनीची पुष्पिकाच. इतर तबकड्यांची पुष्पिका मधल्या कागदालगत लाखेंत उमटलेल्या क्रमांकांत शोधावी. कागदावरील क्रमांक विक्रीचा असतो. लाखेंतील क्रमांक मुद्रणाचा.

हा नियम आम्हांस ठाऊक होता, तरी आम्हीं तो पाळला नाहीं. एकाच गायकाचें एकच पद दोन तबकड्यांवर पाहून एक आम्हीं ‘दुबार’ ठरविली, व ती विकली गेली. मागाहून मूळ संग्राहकाची वही हातीं आली. तींत दोहोंचे लाखेंतील क्रमांक उतरलेले होते, आणि ते भिन्न होते! म्हणजे तीं दोन स्वतंत्र गायनें होतीं. त्यांतील एक पाठ आमच्या निष्काळजीपणानें गेला.

प्रतीची स्थितीही पाहिली पाहिजे. पोलादी सुईनें झिजलेल्या रेषा करड्या दिसतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तबकड्या वांकतात. लाखेच्या तबकडीस स्पिरिट तर लावूंच नये. लाख त्यांत विरघळते.

आमचा निष्कर्ष इतकाच : आधीं यादी, मग किंमत. प्रत्येक तबकडीचे दोन्ही क्रमांक उतरून घ्यावे, संग्राहकाची वही संग्रहापासून वेगळी करूं नये, आणि हें होईपर्यंत एकही तबकडी घराबाहेर जाऊं देऊं नये.