पाहुणा घरी गेल्यावर

मार्क कॅट्झ यांचं ‘बिल्ड’ हे पुस्तक मी उघडलं ते नावामुळे. आमच्या धंद्यात बिल्ड म्हणजे रात्री अकराला फेल होणारी गोष्ट. हिपहॉपमध्ये बिल्ड म्हणजे एकत्र बसून, बोलून काहीतरी उभं करणं. २०१९ साली आलेलं हे पुस्तक हिपहॉप आणि मुत्सद्देगिरी यांच्या नात्याबद्दल आहे, आणि त्याच्या मध्यभागी आहे ‘नेक्स्ट लेव्हल’ हा कार्यक्रम. अमेरिकेतले रॅपर, डीजे, बीट बनवणारे, नाचणारे यांची छोटी टीम एखाद्या देशात जाते, तिथल्या पोरांबरोबर वर्कशॉप घेते, शेवटी सगळे मिळून शो करतात. पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा. सुरुवातीच्या फेऱ्यांत आपलं कोलकाताही होतं.

कॅट्झ या कार्यक्रमाचे संस्थापक संचालक. म्हणजे ज्याने कोड लिहिला तोच रिव्ह्यू करतोय. तरी त्यांनी दोष झाकलेले नाहीत. पोलीस आणि सरकार यांच्यावर तोंडसुख घेत वाढलेलं संगीत सरकारी तिकिटावर परदेशी जातं, ही विसंगती ते कबूल करतात. हा संदिग्धपणाच उपयोगाचा आहे, त्यातच दोन्हीकडच्यांना जागा मिळते, असं त्यांचं म्हणणं.

माझं अडतं ते इथे. संदिग्धपणा परवडतो कोणाला?

ही पद्धत जुनी आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका जाझवाल्यांना जगभर पाठवायची. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी गेला, १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईतही वाजवून गेला. मधल्या १९५७ साली लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना शाळेत शिरू देईनात, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगने सरकारी सोव्हिएत दौऱ्याला नकार दिला. पाठवणारा कोण आणि कशासाठी, हे त्याला स्वच्छ माहीत होतं. म्हणून तर नाही म्हणता आलं.

आता क्युबा. २००९ पासून ‘यूएसएड’ या अमेरिकी मदतसंस्थेच्या एका कंत्राटदाराने क्युबातल्या रॅपर मंडळींमध्ये गुपचूप शिरकाव केला. सरकारविरोधी तरुणांची चळवळ पेटवायची होती. त्यासाठी सर्बियातले म्युझिक प्रमोटर कामाला लावले. डिसेंबर २०१४ मध्ये ‘असोसिएटेड प्रेस’ने हे उघड केलं. तोवर काहींची चौकशी झाली होती, काहींनी देश सोडला होता, आणि तरुणांचा एक स्वतंत्र संगीत महोत्सव सरकारने ताब्यात घेतला होता. या पोरांचा राग अस्सल होता. पण आता त्यांच्या प्रत्येक ओळीवर ‘अमेरिकेचा पैसा’ असा शिक्का मारणं सरकारला सोपं झालं.

‘नेक्स्ट लेव्हल’ हे असलं काम नाही, हे कबूल करायलाच हवं. तिथे पैसा कोणाचा ते उघड असतं, आणि माझ्या मते हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे, वर्कशॉपपेक्षाही मोठा. पण पैसा उघड असला तरी शिक्का बसतोच, आणि बसतो तो मागे राहणाऱ्यावर. आमच्याकडे ऑनसाइटहून माणूस येतो, दोन आठवडे केटी देतो, ग्रुप फोटो काढतो, जातो. रात्री दोनला फोन येतो तो मला. पुस्तकात केटीचं वर्णन सुंदर आहे. पण फोन कोणाला आला, हे मला आणखी वाचायचं होतं. शो संपला, वर्ष गेलं, गल्लीतली माणसं आता त्या रॅपरला काय म्हणून ओळखतात? एवढ्यावर एक अख्खं प्रकरण हवं होतं.

माझा एक मित्र शनिवार-रविवारी मराठीत रॅप करतो. त्याला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, बोलावलं तर जाशील? त्याने आधी विचारलं, “पैसे कोण देतंय ते पोस्टरवर असतं का?”

असतं, म्हटलं.

“मग जाईन.” आणि जरा थांबून, “पण शेवटच्या शोला त्यांच्यावरचं गाणं म्हणू देतील का?”