धूर, ओलं लाकूड आणि रक्ताचा रिपोर्ट

२०२१च्या उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात कुणी कुणाला फोन केला, की 'जेवलास का'च्या आधी 'सीआरपी किती आला?' हे विचारलं जायचं. डी-डायमर, फेरिटिन हे शब्द घराघरात शिरले. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. पण या शब्दांमागचे अभ्यास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की इथे प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे. खुणेवरून अनुमान कधी करावं, हा.

न्यायशास्त्रात डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करतात. त्या खुणेला आपले पंडित 'लिंग' म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ वेगळाच घेतला जाईल, म्हणून आपण 'खूण' म्हणू. धुरावरून अग्नी सांगता येतो. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं मात्र नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं लाकूड लागतं. या ओल्या लाकडाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. आमचं म्हणणं असं, की रक्तातल्या खुणांवरचे बरेचसे अभ्यास ही उपाधी शोधायचीच विसरतात.

सीआरपी घ्या. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते सापडलं. पुढे कळलं, की ते कुठल्याही दाहात वाढतं. जंतूने वाढतं, मार लागला तरी वाढतं, आणि सर्जनच्या सुरीनेही वाढतं! पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिखरावर असतं, मग उतरतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या आकड्यावरून आत पू झालाय असं म्हणता येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतरत नसेल किंवा पुन्हा चढत असेल, तर डॉक्टर सावध होतात. म्हणजे खूण एका आकड्यात नाही, आकड्याच्या चालीत आहे. 'शंभर रोगी घेतले, गुंतागुंत झालेल्यांची सरासरी जास्त आली, पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली' असे प्रबंध आम्ही पुष्कळ वाचले. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, एवढंच त्यातून कळतं. समोर खाटेवर पडलेल्या माणसाचं काय, ते कळत नाही. आणि सीमारेषेचा आकडा ज्या रोग्यांवरून ठरवला, त्याच रोग्यांवर तो तपासायचा, हे तर स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासण्यासारखं झालं.

खूण नीट वापरली की काय होतं, तेही कोविडनेच दाखवलं. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत टोसिलिझुमॅब देण्यासाठी नुसता सीआरपी पाहिला नाही. ऑक्सिजन कमी पडतोय आणि सीआरपी ७५ किंवा जास्त, अशा दोन अटी होत्या. ४,११६ रोग्यांत औषध कुणाला हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २८ दिवसांत मृत्यू ३५ टक्क्यांऐवजी ३१ टक्के झाले. फरक लहान, पण खरा.

आता जरा अवघड भाग. आपल्या परंपरेत ज्ञापक हेतू आणि कारक हेतू असा भेद आहे. धूर अग्नी कळवतो, अग्नी निर्माण करत नाही. धूर पंख्याने उडवून लावला तर आग विझत नाही. होमोसिस्टीनच्या बाबतीत जगभर हेच झालं. १९६९ साली किल्मर मॅक्युली यांनी मुलांच्या रक्तवाहिन्या पाहून मांडलं, की हे द्रव्य वाहिन्या बिघडवतं. मग ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना हृदयविकार जास्त, असे अभ्यास आले. होमोसिस्टीन उतरवणं सोपं: फॉलिक अ‍ॅसिड, बी-६, बी-१२. २००६च्या 'होप-२' चाचणीत ५,५२२ रोग्यांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षं हे दिलं. आकडा उतरला. पक्षाघात काहीसे कमी झाले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू काही हटले नाहीत.

म्हणून पुण्याच्या केईएम रुग्णालयातलं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं काम आम्हाला महत्त्वाचं वाटतं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांच्या रक्तात त्यांना दिसलं, की दोनतृतीयांश जणींचं बी-१२ कमी आहे. आता कुणी म्हणेल, इतक्या सगळ्यांचं कमी असेल तर तेच आपलं नॉर्मल; मोजपट्टीच परदेशी आहे! आक्षेप चांगला आहे. पण बी-१२ खरोखर कमी पडलं की वाढणारं दुसरं एक द्रव्य, एमएमए, तेही ९० टक्के बायांत वाढलेलं होतं. दोन खुणांची साक्ष जुळली.

पुढे २००८ साली त्यांनी लिहिलं, की फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची वृत्ती सर्वांत जास्त. इथे आम्ही थांबतो. हा ज्ञापक हेतू आहे. फॉलेटच मधुमेह घडवतं असं यावरून म्हणायचं नाही. आईचं बाकीचं खाणंपिणं हे इथलं ओलं लाकूड असू शकतं. बाळाच्या वजनाच्या प्रश्नात मात्र त्यांनी उपाधी दूर करायचा प्रयत्न केला. २०१४च्या अभ्यासात पुणे आणि म्हैसूरच्या मातांचं एमटीएचएफआर हे जनुक पाहिलं. या जनुकाचा एक प्रकार होमोसिस्टीन वाढवतो, आणि तो कुणाला मिळणार हे आहार, पैसा, शिक्षण ठरवत नाही. जन्माच्या वेळचा फासा ठरवतो. त्या प्रकारासोबतही बाळाचं वजन कमी आढळलं. इथे ज्ञापक कारकाच्या बराच जवळ येतो. हृदयाच्या बाबतीत फसलेली खूण गर्भाच्या बाबतीत खरी असू शकते, हे आम्हाला तरी विशेष वाटलं.

एक चिठ्ठी आली आहे: 'मग सर, तीन महिन्यांची साखर तपासायची की नाही?' तपासायची, अवश्य. फक्त लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए१सी खऱ्याहून जास्त दिसू शकतो, आणि सिकलसेल असेल, जो आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे बराच आहे, तर तो आकडा भरवशाचा राहत नाही. तेव्हा रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिनचा कागदही डॉक्टरांसमोर ठेवा.