प्रशासकीय कारणास्तव

मित्रहो, कलेला राजाश्रय असावा की नसावा, हा जुना वाद आज बाजूला ठेवू. आश्रय आहेच, आणि पैसा आपल्या करांतला आहे. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की देणाऱ्याने आणि काढून घेणाऱ्याने उत्तर कुणाला द्यायचं?

उदाहरण घरचंच घेऊ. ६ डिसेंबर २०२२ रोजी राज्य शासनाने यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींचा, 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'चा, अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद त्यांत होता. पुरस्कार १ लाख रुपयांचा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा. समाजमाध्यमांवर आरडाओरड झाली आणि १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला: पुरस्कार रद्द, निवड समितीही बरखास्त. का? तर 'प्रशासकीय कारणास्तव'.

या शब्दांपाशी जरा थांबू या. मराठीत 'कारण' या शब्दाने फार घोटाळा केला आहे. छप्पर गळण्याला कारण असतं, आणि आम्ही अमुक निर्णय का घेतला यालाही कारणच म्हणतात. पहिलं घडण्याचं, दुसरं पटवण्याचं. न्यायशास्त्राने दुसऱ्यासाठी वेगळी जागा राखली: प्रतिज्ञेच्या लगेच पुढे हेतू. डोंगरावर आग आहे म्हणता ना, मग धूर दाखवा. धूर दाखवला की समोरच्याला तपासता येतं. अहो, हे तर धुकं आहे, असंही म्हणता येतं. 'प्रशासकीय कारणास्तव' यात तपासायचं काय? आणि हे घडलं कुणाच्या नावाच्या पुरस्काराबाबत, तर ज्यांच्या पदवीतच तर्क आहे त्या शास्त्रीजींच्या! साहित्य संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्षही तेच.

शासनाची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. नक्षलवादाचं उदात्तीकरण सरकारी पैशाने होता कामा नये, असा मुद्दा मंत्र्यांनी नंतर मांडला. हा मात्र हेतू आहे. खरा असो, खोटा असो, तपासता येतो. पुस्तक उघडायचं आणि विचारायचं: कुठलं प्रकरण, कुठलं पान? मग तो शासन निर्णयात का लिहिला नाही? आम्हाला वाटतं, लिहिला असता तर पुस्तक कुणी वाचलं, हेही सांगावं लागलं असतं.

बरं, हा काही शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५, कलम ४(१)(घ) पाहा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. न मागता. इथे बाधित कोण? अनुवादिका तर खऱ्याच, पण ज्यांच्या वाचनावर एका रात्रीत बोळा फिरवला ते समितीचे सदस्यही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मीकांत देशमुख, प्रज्ञा दया पवार, नीरजा यांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. शरद बाविस्कर, आनंद करंदीकर यांनी आपले पुरस्कार नाकारले. पक्ष पाहू नका, हा रोग जुना आहे. विनय हर्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या आणीबाणीवरच्या पुस्तकाचा राज्य पुरस्कार काँग्रेसच्या राजवटीत असाच गेला होता.

पण राजीनाम्यांचा आदर राखूनही एक गोष्ट बोलायला हवी, आणि ती आपल्या गोटातली आहे. पुरस्कार जाहीर होतात तेव्हा आपल्या हाती काय येतं? यादी. वाङ्मयप्रकार, पुस्तक, लेखक, रक्कम. हेच पुस्तक का, दुसरं का नाही, याचं एक वाक्य त्यात नसतं. आपण कधी मागितलं? नाही. यादीत नाव आलं की सत्कार, नाही आलं की कुजबुज, वर्षानुवर्षं. देताना हेतू सांगायची सवयच आपण लावली नाही, तर काढून घेताना तो कुठून येणार? अनुदानं, महोत्सव, विश्वकोशातल्या नेमणुका, सगळीकडे तीच तऱ्हा.

आमची मागणी अगदी किरकोळ आहे. प्रत्येक पुरस्कृत पुस्तकामागे परीक्षकांच्या दहा ओळी, त्यांच्या सहीने, यादीबरोबरच प्रसिद्ध व्हाव्यात. पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. उद्या कुणाला पुरस्कार रद्द करायचाच असेल, तर त्या दहा ओळी चूक कशा, हे त्याने आपल्या सहीने लिहावं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केला आहे.