रोझा पार्क्स यांचा शालेय पाठ : एक चिकित्सा

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत नागरी हक्क चळवळीचा परिचय बहुधा रोझा पार्क्स यांच्या कथेतून होतो. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत शिवणकाम करणारी एक दमलेली स्त्री बसमधील जागा सोडीत नाही, ही ती कथा. ती हृद्य आहे, परंतु दिशाभूल करणारी आहे. पार्क्स एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या टेनेसीतील हायलँडर लोकशाळेच्या शिबिरात गेल्या होत्या. शाळांमधील वंशभेद कसा संपवावा, हा शिबिराचा विषय होता. शालेय पाठातून नेमका हाच तपशील गळावा, हे लक्षणीय होय. मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या विद्यार्थिनीने असाच नकार दिला होता, तिलाही पाठात क्वचितच स्थान मिळते. ३८१ दिवसांच्या बहिष्कारामागील संघटन वगळून थकवा तेवढा शिकविला जातो. पार्क्स यांनी मात्र १९९२च्या आत्मचरित्रात शारीरिक थकव्याचे कारण स्पष्टपणे नाकारले आहे.