पोढी आणि पाटी

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब जुन्नरला जाऊन यावे, असा बेत आता पुष्कळ घरांतून होतो. 2018 साली राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, आणि जुलै 2025 मध्ये शिवनेरीसह बारा दुर्गांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाली. साहजिकच ह्या गावाविषयी माहिती देणाऱ्या पुस्तिका आणि पाट्या वाढल्या. ह्या लेखनाला आपण साहित्य मानीत नाही, म्हणून त्याची समीक्षाही कोणी करीत नाही. पण एखादे गाव लोकांनी कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हे बव्हंशी तेच ठरवीत असते. तेव्हा त्याची एकदा तरी झडती घ्यावी, असे मला वाटते.

मी वाचलेल्या बहुतेक पुस्तिकांचा साचा एकच आहे. आधी ‘प्रेक्षणीय स्थळे’, मग ‘सोयी’. पहिल्या भागात शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा लेणी, नाणेघाट आणि सौदागर गुंबज. दुसऱ्यात मोटारस्थानक, खाणावळ, मुक्कामाची जागा. पहिल्या भागात ‘भव्य’, ‘अप्रतिम’, ‘नयनरम्य’ अशी विशेषणांची आतषबाजी. दुसऱ्यात दरपत्रकाची भाषा. दोहोंच्या मध्ये एक भिंत उभी आहे, आणि माझा आक्षेप ह्या भिंतीला आहे. कारण जुन्नरविषयीचे जे अतिशय जुने लेखन आपल्याला उपलब्ध आहे, ते ही भिंत मुळी ओळखतच नाही.

ते लेखन म्हणजे लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी 1881 साली ते इतर लेण्यांच्या लेखांबरोबर प्रसिद्ध केले. त्यांत काय आहे? इरिल नावाच्या एका यवनाने दोन ‘पोढ्या’ दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दुसऱ्या एका यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे कोरविले आणि त्याच्या जोडीला पोढीही दिली. नहपानाचा अमात्य अयम याने ‘वर्ष 46’ मध्ये मंडप आणि पोढी केली. एका शकाने करंजाची झाडे लावण्यासाठी शेत लावून दिले. आणि कल्याणच्या एका हेरण्यिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने, लेण्याद्रीचे चैत्यगृह दिले.

चैत्यगृह असो, पोढी असो की भोजनमंडप असो, सर्वांना शब्द एकच: देयधम, म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तू. आजचा प्रवासी ज्याचे छायाचित्र घेतो ते आणि ज्याचे पाणी पितो ते, अशी वर्गवारी तिथे नाही.

गद्य म्हणूनही हे लेख मला आपल्या पुस्तिकांहून सरस वाटतात. देणारा कोण, कुठला, त्याने काय दिले, एवढेच सांगून ते थांबतात. विशेषण जवळजवळ नाहीच. आणि नाही म्हणूनच वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. ‘दोन पोढ्या’ म्हटले की तहान आठवते. ‘भव्य’ म्हटले की काहीच आठवत नाही.

कोणी म्हणेल, ह्या तर देणगीच्या पावत्या. त्यांत कसले वाङ्मय? आक्षेप अगदीच खोटा नाही. देणाऱ्याने स्वतःचे नाव कोरविले, पण ज्याने छिन्नी चालविली त्याचे नाव बहुधा राहून गेले. हे त्या लेखांचे मोठे उणेपण आहे. मात्र आजच्या उद्घाटनाच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव कितीदा दिसते, हेही प्रामाणिकपणे पाहावे.

भिंतीमुळे नुकसान होते ते असे. नाणेघाटातला दगडी रांजण पुस्तिकेत ‘नवल’ म्हणून येतो. तो जकातीचा रांजण होता अशी परंपरा असली, तरी त्या जकातीमागचा वाहता व्यापारी रस्ता वाचकाला दिसत नाही. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन लोक परततात. पण एकही खांब नसलेले ते दालन आणि भोवतालच्या खोल्या म्हणजे एके काळचे भिक्षूंचे निवासस्थान, हे चार ओळींत सांगितले तर दर्शनाला बाधा येत नाही, उलट अर्थ चढतो. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांना एक ओळ मिळते. वास्तविक गडावर पाणी होते म्हणून तो नांदता गड होता. आणि खुद्द जुन्नर शहर? एके काळी ‘जुन्नरी कागदा’साठी नावाजलेले हे गाव पुस्तिकेत केवळ गडाची वाट म्हणून उरते.

हा नुसता शैलीचा प्रश्न नाही. ज्याचे वर्णन होते त्याची निगा राखली जाते. टाके ‘स्थळ’ नाही आणि ‘सोय’ही नाही असे ठरले, की त्यात कचरा पडायला वेळ लागत नाही. आंबेगावच्या पूर्वेला आमचा लोणी-धामणीचा पट्टा आहे. तिथे पाण्याची वाट पाहण्यात उन्हाळे गेले आहेत. तिथल्या माणसाला मंचरची जुनी बारव किंवा जुन्नरची पोढी पाहताना ती आधी उपयोगाची वाटते आणि मग सुंदर. मला हाच क्रम योग्य वाटतो.

आपली मुले दिवाळीत अंगणात किल्ला करतात तेव्हा नेमके हेच करतात. शिवरायांना सिंहासनावर बसवितात, मावळे उभे करतात. पण त्याआधी वाटीचे तळे पुरतात, अळीव पेरतात, पायथ्याशी बाजार मांडतात. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ह्या दिवाळीत असा एखादा किल्ला जरा निरखून पाहावा. तळ्याशिवाय गड होत नाही, हे त्या कारागिरांना कोणी शिकवावे लागलेले नाही.