गाळाचे तंतू आणि जीवाणुभक्षक : एक परीक्षण

सांडपाण्याच्या शुद्धीकरणात उपद्रवी ठरणाऱ्या जीवाणूंचा बंदोबस्त त्यांच्याच नैसर्गिक शत्रूंकडून करवून घ्यावा, ही कल्पना मोहक आहे. आणि मोहक कल्पनांचे परीक्षण अंमळ कठोरपणेच व्हावयास हवे.

१९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळाच्या पद्धतीची सारी मदार गाळ तळाशी बसण्यावर आहे. तंतुमय जीवाणू माजले की गाळ फुगतो. अर्ध्या तासाच्या निवळणीनंतर एका ग्रॅम गाळाने दीडशे मिलिलिटरहून अधिक जागा व्यापली, तर तो फुगला असे सामान्यतः समजतात. असा गाळ निवळलेल्या पाण्याबरोबर सरळ नदीत जातो. क्लोरीन घातल्यास तंतू मरतात खरे, परंतु मात्रा चुकली तर पाणी शुद्ध करणारे जीवाणूही त्यांच्याबरोबर जातात. एकाच जातीला वेचून मारणाऱ्या जीवाणुभक्षक विषाणूंकडे संशोधकांचे लक्ष वळले ते यामुळे.

या विषयावरील लेखनात १८९६ मधील हँकिन यांच्या गंगा-यमुनेच्या पाण्यावरील प्रयोगांचे स्मरण अनेकदा केले जाते. हे स्मरण शोभेचे आहे. पटकीचे जंतू त्या पाण्यात नष्ट होतात, एवढेच हँकिन यांनी पाहिले होते. जीवाणुभक्षकाची कल्पना पुढे ट्वॉर्ट आणि द'हेरेल यांच्या १९१५ व १९१७ मधील लेखनातून आली.

ऑस्ट्रेलियातील पेट्रोव्हस्की, सेव्हिअर व टिलेट यांचे २०११ मधील काम अधिक भरीव आहे. टाकीवर चिवट फेस आणणाऱ्या गॉर्डोनिया व नोकार्डिया या वंशांतील अनेक जातींना फोडणारा जीटीई-७ हा विषाणू त्यांनी वर्णिला आणि त्यामुळे फेस टिकत नाही हे प्रयोगशाळेत दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेतील कोटे, गोयल प्रभृतींनी हॅलिस्कोमेनोबॅक्टर हायड्रॉसिस या तंतुमय जीवाणूवर असाच प्रयोग केला व गाळ बसण्यात सुधारणा झाल्याचे नोंदविले. दोन्ही निष्कर्ष ग्राह्य आहेत. पण प्रयोगशाळेतील भांडे म्हणजे अहोरात्र वाहणारी टाकी नव्हे. भांड्यात प्रतिकारक्षम वाण उगवून येण्यास पुरेसा अवकाश मिळत नाही. टाकीत मात्र रोज नवे सांडपाणी नवे जीवाणू घेऊन येते.

याहून गंभीर आक्षेप कारणमीमांसेचा आहे. हॅलिस्कोमेनोबॅक्टर किंवा स्फेरोटिलस नॅटन्स माजतात ते बहुधा प्राणवायू अपुरा पडल्यामुळे. जीवाणू मारला, पण प्राणवायूची उणीव तशीच ठेवली, तर रिकाम्या जागी दुसरा तंतू येण्यास कोणती आडकाठी आहे? प्रागच्या खुदोबा यांनी १९७३ मध्ये टाकीच्या आरंभीच अन्नाची तीव्रता वाढवून तंतूंना स्पर्धेत मागे टाकण्याचा जो मार्ग सुचविला, तो या प्रश्नाला अधिक प्रामाणिकपणे सामोरा जातो. शिवाय सेझगिन, जेनकिन्स व पार्कर यांनी १९७८ मध्ये प्रतिपादिल्याप्रमाणे तंतू हा गाळाच्या कणाचा सांगाडाही आहे. तो समूळ गेला तर कण विस्कटतात आणि पाणी गढूळ राहते. म्हणजे किती तंतू मारावयाचे यापेक्षा किती राखावयाचे, हा प्रश्न अवघड आहे; आणि जीवाणुभक्षकाला अमुक मर्यादेवर थांब म्हणून सांगता येत नाही.

विषाणू वेगळा काढण्यासाठी यजमान जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवावा लागतो, ही अडचणही थोडी नाही. थंड हवामानात सर्वाधिक त्रास देणारा मायक्रोथ्रिक्स पार्व्हिसेला नेमका मोठ्या कष्टाने वाढतो. पोलंडमधील फियाल्कोव्हस्का व पायदाक-स्तूस यांचा २००८ मधील मार्ग येथे वेगळा ठरतो : लेकेन इनर्मिस हा सूक्ष्म रोटिफर प्राणी तंतू चक्क खातो, आणि त्याला खाऊ घालण्यासाठी कोणी तंतू आधी वेगळा वाढविण्याची गरज नसते. मात्र तोही निरपवाद नाही. मायक्रोथ्रिक्सवर उपाय म्हणून अनेक केंद्रे ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात, आणि हे क्षार या रोटिफरलाच अपायकारक ठरू शकतात. तेव्हा ज्या केंद्रात रासायनिक उपाय आधीच चालू आहे, तेथे हा प्राणी सोडण्यापूर्वी क्षारांची मात्रा तपासणे आवश्यक आहे.