वेषांतराची वहिवाट

परभणीकडच्या सोनपेठच्या तहसिलीत बांधावरच्या वाटेचे जे तंटे वर्षानुवर्षे चालतात, त्यांत वादी काय आणि प्रतिवादी काय, दोघेही छातीवर हात ठेवून ‘वहिवाट आहे’ एवढेच सांगत असतात, आणि मालकीचा कागद दाखवण्याची वेळ आली म्हणजे दोघांचीही पंचाईत होते. २०१५ साली ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील ‘द फोर्स अवेकन्स’ हा चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, जॉन बोयेगा या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाला त्या मालिकेच्या शुभ्र चिलखतात पाहून पाश्चात्त्य चाहत्यांच्या एका गटाने बहिष्काराची भाषा सुरू केली, तेव्हा मला या तंट्यांची आठवण झाली. कथा घडते ती अतिदूरच्या दीर्घिकेत, अज्ञात भूतकाळात. तिथल्या शिपायाचा वर्ण कोणता होता, याची नोंद या फिर्यादींना कोणत्या दफ्तरात सापडली, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक! मूळ कृतीशी इमान राखण्याचा त्यांचा आग्रह म्हणजे वस्तुतः डोळ्यांना पडलेल्या वहिवाटीचाच आग्रह होता.

डोळ्यांची वहिवाट किती लवकर पडते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळेना, म्हणून तारामती झाले ते साळुंके नावाचे तरुण, पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. रंगभूमीवर बालगंधर्वांच्या लुगड्याची, दागिन्यांची आणि लाजण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत होत्या, आणि पुरुषाने स्त्री व्हावे यात विसंगत काही आहे असे थिएटरातल्या फारशा कोणाला वाटत नव्हते. उलट स्त्रीने स्त्रीची भूमिका करावी हेच धाडस ठरले. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आणली, तिच्या नावीन्यात या धाडसाचाही वाटा होता. याहून मौजेचे उदाहरण विष्णुपंत पागनिसांचे. रंगभूमीवर स्त्रीभूमिकांत मुरलेला हा गायक नट १९३६ च्या ‘संत तुकारामा’त असा काही उभा राहिला, की महाराष्ट्राच्या मनातल्या तुकोबांना पुढे त्याचाच चेहरा चिकटला.

हे सारे औदार्य होते, असे मात्र कोणी समजू नये. स्त्रीला दाराबाहेर ठेवल्यामुळेच साळुंक्यांना आत येता आले. म्हणून या मामल्यात मुखवटा चेहऱ्याला जुळतो की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. परकायाप्रवेशाची मुभा कोणाला आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी आहे काय, हा खरा वादविषय आहे.

या दृष्टीने जब्बार पटेलांचा १९७७ चा ‘जैत रे जैत’ पुन्हा पाहण्यासारखा आहे. गो. नी. दांडेकरांची कथा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. ठाकर आदिवासींचा नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. दोघांचाही अभिनय मी श्रेष्ठ मानतो, त्यात काडीचा बदल करू नये. तरीही शहरातल्या नटाने ठाकर व्हावे ही वाट जशी राजरस्त्यासारखी मोकळी होती, तशी ठाकराच्या मुलाने पडद्यावर पुण्याचा डॉक्टर व्हावे अशी पायवाटदेखील कोणी पाडली नाही. त्याच पटेलांनी पुढे बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी मामुट्टी हा मल्याळी नट निवडला आणि त्याला १९९८ साठीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्या निवडीत कोणाचे दार बंद करण्याचा हेतू नव्हता, आणि नटाने व्यक्तिमत्त्वाचा भार समर्थपणे पेलला. परका नट म्हणजे अन्याय, हे समीकरण इथे टिकत नाही.

नागराज मंजुळ्यांनी वाट उलटीकडून पाडली. ‘फँड्री’त सोमनाथ अवघडे आणि २०१६ च्या ‘सैराट’मध्ये अकलूजची रिंकू राजगुरू व जेऊरचा आकाश ठोसर आले ते कोणत्याही नाट्यशिक्षणाची सनद न घेता, आणि ज्या व्यवसायाला असे चेहरे ‘चालत नाहीत’ अशी खातरी होती, त्याचाच गल्ला त्यांनी भरला. पुढे २०१८ साली ‘सैराट’चा हिंदी ‘धडक’ झाला, तेव्हा दोन्ही प्रमुख कलावंत सिनेव्यवसायातल्याच घराण्यांतून आले आणि कथेतली जातही पुष्कळशी फिकट झाली. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

आम्हां परभणीकडच्यांची तक्रार रंगाहून जिभेची अधिक आहे. मकरंद अनासपुऱ्यांनी मराठवाडी हेल पडद्यावर रुळवला, हे ऋण मान्यच; पण त्या हेलाला अजून मुख्यतः हशाचाच मक्ता मिळालेला आहे. मराठीत विज्ञानपट इतके विरळ, की यानाचा कप्तान कोणत्या बोलीत हुकूम सोडेल यावर भांडण्याचाही प्रसंग आलेला नाही. चांद्रयान-३ उतरल्यानंतरच्या हिवाळ्यात इथल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात चंद्रमोहिमेवरची नाटुकली पाहिली. शास्त्रज्ञ झालेला पोरगा घोटून घेतलेली पुस्तकी मराठी अडखळत बोलत होता, आणि ‘जाऊलालो’ म्हणायची परवानगी चहा आणणाऱ्या शिपायालाच होती. खेळ संपल्यावर मी नाटुकली बसवणाऱ्या गुरुजींना याचे कारण विचारले. ते म्हणाले, “शास्त्रज्ञ असं कुठं बोलतेत, सर?”